सिंह कधी ओळखू आला? : एका सचित्र वेताळकथेचे वाचन

१. टिपणाचा विषय

डिसेंबरअखेरची सुट्टी लहान असते. परीक्षा नुकतीच संपलेली असते किंवा तोंडावर आलेली असते, त्यामुळे जाड कादंबरी हाती घेण्याचा धीर होत नाही. पाच-सहा पानांची सचित्र अद्भुतकथा मात्र एका बैठकीत वाचून होते. थंडीत शेकोटीभोवती भुताखेतांच्या गोष्टी सांगणे ही आपल्याकडची जुनी चाल आहे. इंग्लंडमध्ये नाताळच्या दिवसांत अशाच गोष्टी वाचल्या जात. डिकन्सचे ‘अ ख्रिसमस कॅरल’ हे भुतांचे छोटे पुस्तक १८४३ च्या डिसेंबरात निघाले, आणि ते जॉन लीच यांच्या चित्रांसह निघाले. म्हणजे सुट्टी, थंडी, अद्भुत गोष्ट आणि चित्र यांची सोबत बरीच जुनी आहे.

अशी गोष्ट आपण आवडीने वाचतो, पण तिच्यावर विचार करावा असे सहसा वाटत नाही. गोष्ट मुलांची आणि चित्रे शोभेची, असे आपण धरून चालतो. या टिपणात एकच वेताळकथा घेऊन आपण ती नीट वाचणार आहोत आणि एक मुद्दा तपासणार आहोत. सचित्र कथेतील चित्र हे स्वतः एक विधान करत असते, आणि कधी कधी ते विधान मजकुराच्या विरुद्ध जाते. निवडलेल्या कथेत तर चित्रकाराने एक साधा निर्णय बदलला, तर राजाने दिलेला न्यायच चुकीचा ठरतो.

२. गोष्ट

कथा सर्वांना थोडीफार माहीत असते. तरी विश्लेषणासाठी तिचे टप्पे स्पष्ट असावेत म्हणून येथे ती थोडक्यात देतो. आधार सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’तील रूपाचा आहे. तेथे वेताळाच्या कथांमध्ये ही बाविसावी आहे.

चार ब्राह्मण भाऊ. आईवडील गेले, भाऊबंदांनी मालमत्ता लाटली. आजोळी आश्रयाला गेले, तर तेथे मामांनी तुच्छतेने वागवले. अपमानाला कंटाळून चौघांनी ठरवले की पृथ्वीवर फिरून एकेक विद्या मिळवायची आणि ठरल्या जागी पुन्हा भेटायचे. भेटल्यावर प्रत्येकाने आपली विद्या सांगितली. पहिल्याला हाडाच्या तुकड्यावर मांस चढवता येत होते, दुसऱ्याला त्या मांसावर कातडी आणि केस, तिसऱ्याला अवयव घडवता येत होते, आणि चौथ्याला पूर्ण झालेल्या देहात प्राण घालता येत होते. विद्येची परीक्षा पाहायला ते रानात गेले. हाडाचा एक तुकडा सापडला. तो सिंहाचा होता, हे त्यांना ठाऊक नव्हते. पहिल्या तिघांनी आपापले काम केले, चौथ्याने प्राण घातला. सिंह उठला आणि त्याने चौघांनाही मारले.

वेताळाचा प्रश्न असा : या मृत्यूंचा दोष कोणाचा? राजा उत्तर देतो की चौथ्याचा. पहिल्या तिघांना आपण कोणता प्राणी घडवतो आहोत हे कळले नव्हते. चौथ्याच्या समोर मात्र सिंहाचा आकार उघड दिसत होता, तरीही केवळ विद्या दाखवण्याच्या हौसेने त्याने त्यात जीव घातला.

३. पैठणपासून ‘चांदोबा’पर्यंत

सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ अकराव्या शतकात काश्मीरमध्ये रचला. त्यातला वेताळ वाहून आणणारा राजा मात्र आपल्याकडचा आहे. त्याचे नाव त्रिविक्रमसेन, आणि त्याचे नगर गोदावरीकाठचे प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण. सोमदेवाने ज्या ‘बृहत्कथे’चा आधार सांगितला, तिचा कर्ता गुणाढ्य हाही परंपरेने सातवाहनांच्या दरबाराशी जोडला जातो. पुढे या राजाच्या जागी लोकांनी विक्रमादित्याला बसवले आणि ‘विक्रम-वेताळ’ ही जोडी रूढ झाली.

मराठी वाचकाला वेताळ हे केवळ पुस्तकातले पात्र नाही. कोकणात आणि गोव्यात तो राखणदार देव आहे. गोव्यात बेताळभाटी हे गावच त्याच्या नावाने ओळखले जाते, आणि पुण्यात वेताळ टेकडी आहे. त्यामुळे मराठीतल्या वेताळाला भीतीबरोबर थोडा आदरही चिकटलेला असतो. छापील मराठी गद्य नुकते आकार घेत होते, त्या काळातच, १८३० मध्ये, सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी ‘वेताळपंचविशी’ मराठीत आणली.

विसाव्या शतकात या कथांना घराघरांत नेणारे माध्यम होते ‘चांदोबा’ हे मासिक. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी मद्रासहून ‘चंदामामा’ जुलै १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू केला. मराठी ‘चांदोबा’ १९५२ मध्ये आला. त्यातील विक्रम-वेताळाची मालिका मूळ पंचवीस कथांपाशी थांबली नाही. त्याच साच्यात शेकडो नव्या गोष्टी लिहिल्या गेल्या.

या मालिकेचे शीर्षचित्र काढणारे के. सी. शिवशंकरन, म्हणजे ‘शंकर’, यांचा जन्म १९२४ चा. मद्रासच्या कलाशाळेत देवीप्रसाद रॉय चौधुरी यांच्या हाताखाली ते शिकले. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले आणि २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. एका हातात तलवार, खांद्यावर प्रेत आणि पायाखाली स्मशान, असा त्यांचा राजा कित्येक पिढ्यांना गोष्टीआधी आठवतो. निरनिराळ्या भाषांतील अंकांना चित्रे तीच असत, बदलायचा तो मजकूर. आमच्या रायपुरात घरात मराठी आणि शाळेत हिंदी अशी वाढलेली पुष्कळ मुले आहेत. त्यांच्यासाठी एकच राजा दोन भाषांत चालत राहिला. भाषा बदलली तरी जे स्थिर राहते ते वाचकाच्या मनात जास्त खोल जाते, हे सचित्र साहित्याचा अभ्यास करताना लक्षात ठेवावे.

४. मौनाची अट

अद्भुतकथेत काहीही घडू शकते, अशी एक समजूत आहे. चांगल्या अद्भुतकथेत तसे नसते. तिच्यात अशक्य गोष्ट एकदाच गृहीत धरली जाते, आणि त्यानंतर सगळे नियमाने चालते. येथे नियम दोन आहेत. राजा बोलला तर वेताळ झाडावर परत जाईल. उत्तर माहीत असूनही राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकले होतील. म्हणजे बरोबर उत्तर आले की सगळी पायपीट पुन्हा पहिल्यापासून करायची.

हा सापळा मासिकाला फार सोयीचा होता, कारण त्यामुळे गोष्ट दर महिन्याला संपते आणि मालिका कधीच संपत नाही. पण त्यात अर्थही आहे. आपल्या परीक्षेत बरोबर उत्तर दिले की सुटका होते. येथे बरोबर उत्तर देणाऱ्याला पुन्हा ओझे उचलावे लागते, आणि तरीही जाणणाऱ्याने गप्प बसायचे नाही असा नियम आहे. सोमदेवाच्या कथेत ही फेरी थांबते ती राजाला एका प्रश्नाचे उत्तर खरोखरच सापडत नाही तेव्हा. तो गप्प राहतो, त्यावर वेताळ प्रसन्न होतो, आणि राजाला भुलवून बळी देऊ पाहणाऱ्या भिक्षूचा कट उघड करतो. सर्वज्ञ असल्याचा आव न आणणे राजाला वाचवते.

आता चौकट आणि आतली गोष्ट शेजारी ठेवा. चौकटीतला राजा बोलण्याआधी अडखळतो, कारण बोलण्याची किंमत त्याला माहीत आहे. आतले चार भाऊ कोणीच अडखळत नाहीत. प्रत्येकाला आपली विद्या दाखवायची घाई आहे. वेताळाने ही गोष्ट याच राजाला सांगावी, यात ती दोन वागणी एकमेकांसमोर येतात.

५. विस्मयाकडून भीतीकडे

भरताच्या नाट्यशास्त्रातील रसविचार येथे उपयोगी पडतो. अद्भुत रसाचा स्थायी भाव विस्मय, भयानकाचा भय आणि बीभत्साचा जुगुप्सा. हाडावर मांस चढते तेव्हा विस्मयाबरोबर थोडी किळसही येते. कातडी आणि केस येतात तेव्हा किळस ओसरते आणि नुसता विस्मय उरतो. अवयव पूर्ण होतात तेव्हा विस्मय शिगेला पोचतो. प्राण आल्याबरोबर त्याचे भयात रूपांतर होते.

प्रश्न असा की हे रूपांतर नेमके कोठे होते? भावांच्या दृष्टीने सिंह उठल्यावर. वाचकाच्या दृष्टीने मात्र बरेच आधी, कारण हाड सिंहाचे आहे हे कथाकाराने आपल्याला सांगून ठेवलेले असते. त्यामुळे भाऊ विस्मयात असतानाच आपण भीतीत असतो. थंडीच्या रात्री पांघरुणात शिरून ही गोष्ट वाचण्याची जी मजा आहे, ती या अंतरातून येते. आपल्याला कळते आहे, त्यांना कळत नाही, आणि त्यांना ओरडून सांगण्याची सोय नाही.

६. चित्र काय ठरवते

मजकुराला एक सवलत असते. ‘दुसऱ्याने कातडी आणि केस चढवले’ एवढे लिहून लेखक पुढे जातो. केस कोणत्या रंगाचे, आयाळ आली की नाही, हे त्याने सांगितले नाही तरी वाक्य पुरे होते. ही सवलत चित्रकाराला नाही. कातडी चढलेला देह काढायचा म्हटला की रंग द्यावा लागतो. मानेभोवती केस काढायचे की नाही, हे ठरवावे लागते.

एक प्रयोग करून पाहा. कागदावर चार चौकोन आखा आणि चार भावांची चार कामे काढा. कितीही वेडेवाकडे आले तरी चालेल. दुसऱ्या चौकोनाशी हात थांबेल. तेथे पिवळसर तपकिरी केस आणि आयाळ काढलीत, तर सिंह दुसऱ्याच टप्प्यावर ओळखू येतो. मग तिसरा भाऊ पंजे आणि नखे बसवतो ती अजाणतेपणी नाही. त्याला दिसते आहे आणि तरी तो काम पुढे नेतो आहे. राजाने दिलेला निकाल या चित्रापुढे टिकत नाही. उलट दुसऱ्या चौकोनात नुसता केसाळ गोळा काढलात, तर तिसरा निर्दोष राहतो आणि राजाचे म्हणणे खरे ठरते. मजकूर एकच, पण आयाळीच्या चार फटकाऱ्यांनी दोषाची वाटणी बदलते.

राजाच्या उत्तराशी प्रामाणिक राहायचे तर चित्रकाराला काही लपवावे लागेल. तो भावांना वाचकाकडे पाठ करून उभे करील, देह त्यांच्या आड ठेवील, अंधार वाढवील, किंवा देहाऐवजी भावांचे चेहरे काढील. ही लपवाछपवी म्हणजे उणीव नव्हे. चित्रकाराने कथेचा प्रश्न समजून घेतल्याची ती खूण आहे. सचित्र कथा वाचताना चित्रात काय आहे याइतकेच काय टाळले आहे हेही पाहावे, ते यासाठी.

अशा गोष्टीसाठी एकच चित्र काढायचे झाले तर अनेकांचा हात झेप घेणाऱ्या सिंहाकडे जाईल. ते चित्र थरारक होईल, पण त्याने प्रश्न पुसला जाईल. झेप दिसल्यावर वाचक दोष कोणाचा हे विचारत नाही, तो फक्त पळतो. जर्मन समीक्षक लेसिंग यांनी १७६६ मधील ‘लाओकून’ या ग्रंथात याचाच विचार केला आहे. चित्राला एकच क्षण मिळतो, म्हणून तो क्षण कळसाचा असू नये. कळसाच्या पलीकडे कल्पनेला जायला जागा नसते. त्यांच्या मते आधीचा क्षण निवडावा, ज्यात पुढचे सगळे भरलेले असते.

तुलनेसाठी एक प्रसिद्ध चित्र घेऊ. मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’ १८१८ मध्ये आली. तिचे बीज १८१६ च्या थंड, पावसाळी उन्हाळ्यात जिनिव्हाच्या तळ्याकाठी भुतांच्या गोष्टी सांगताना पडले. १८३१ च्या आवृत्तीला थिओडोर फॉन होल्स्ट यांचे मुखचित्र आहे. त्यात जीव आलेला देह जमिनीवर आहे आणि त्याला घडवणारा दाराकडे पळतो आहे. म्हणजे त्यांनी प्राण आल्यानंतरचा क्षण निवडला. त्या कादंबरीला तो शोभतो, कारण तेथे मुख्य प्रश्न आहे की जे निर्माण केले त्याला टाकून का पळालास? आपल्या कथेचा प्रश्न वेगळा आहे : तू सुरुवातच का केलीस? म्हणून येथे आधीचा क्षण हवा. सिंह पूर्ण झाला आहे, पण निपचित आहे. तिसरा भाऊ मागे सरकला आहे. चौथा वाकला आहे.

या क्षणाला चित्रमाध्यमाचे आणखी एक बळ मिळते. चित्रात सगळेच स्थिर असते. निर्जीव सिंह आणि दबा धरून बसलेला जिवंत सिंह हे कागदावर सारखेच दिसू शकतात. त्यामुळे पाहणाऱ्याला क्षणभर कळत नाही की प्राण गेले की यायचे आहेत. मजकुराला हा संशय असा निर्माण करता येत नाही, कारण ‘अजून प्राण नव्हते’ असे त्याला सांगावेच लागते.

७. राजाचे उत्तर तपासताना

राजाची कसोटी नीट समजून घेऊ. दोष कृतीच्या क्षणी असलेल्या ज्ञानावर ठरतो, असे तो म्हणतो. ज्याला कळणे शक्य नव्हते त्याला दोष देऊ नये, आणि ज्याला दिसत होते त्याला सोडू नये. ही कसोटी न्याय्य आहे आणि कारखान्यातही तीच चालते.

मी ज्या भनपुरीतून हे लिहितो आहे तो रायपूरचा औद्योगिक भाग आहे. या पट्ट्यात रोलिंग मिल पुष्कळ आहेत. अशा कारखान्यात यंत्राच्या दुरुस्तीला कोणी आत गेले असेल तर मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावतात आणि ‘काम चालू आहे, स्विच लावू नये’ अशी पाटी टांगतात. दुरुस्ती करणारे बाहेर आल्याखेरीज कुलूप निघत नाही. असे का? कारण यंत्र जोडणाऱ्याला, वंगण घालणाऱ्याला, वायर ओढणाऱ्याला आपापलेच काम दिसते. स्विच लावणाऱ्याच्या हातून मात्र सगळ्यांच्या कामाचा परिणाम एकदम घडतो. शेवटच्या माणसाकडे पाहण्याची संधी सर्वांत जास्त असते, म्हणून त्याच्यावर जबाबदारीही सर्वांत जास्त. चौथा भाऊ हा स्विच लावणारा माणूस आहे.

तरी राजाचे उत्तर पूर्ण वाटत नाही, आणि त्याला कारण आहे. पहिल्या तिघांना कळले नाही हे खरे. पण त्यांनी विचारले का? हाड उचलताना ‘हे कोणाचे?’ हा प्रश्न एकानेही केला नाही. न कळणे आणि कळून न घेणे यांत फरक आहे. कारखान्यातही कुलूप आणि पाटी ही शेवटची अडवणूक असते. त्याआधी प्रत्येकाने आपण कशाचा भाग घडवतो आहोत हे विचारायचे असते. नकाशातला एक कंस आपल्याकडे आला म्हणून पूल कोणता आणि त्यावरून काय जाणार हे न विचारणारा अभियंता पहिल्या भावाच्या रांगेत बसतो. राजा त्याला निर्दोष सोडतो. आपण सोडावे का?

दुसरी गोष्ट हेतूची. सोमदेवाने या भावांना मूर्ख म्हणून उभे केलेले नाही. ते पोरके आहेत, लुबाडलेले आहेत, नातेवाइकांनी हिणवलेले आहेत. त्यांना विद्या हवी होती ती आपल्याला कोणी मोजावे म्हणून. अशा मुलांच्या हातात विद्या आली की ती दाखवण्याची घाई होणे स्वाभाविक आहे. त्यांच्यात एकही जण नाही ज्याला आपली विद्या न वापरण्याइतका आत्मविश्वास होता. चौथ्याने ‘मला येते, पण मी करणार नाही’ म्हटले असते तर तिघांची विद्या सिद्ध झाली असती आणि त्याची एकट्याची राहिली असती. हे त्याला सोसवले नाही. दोष त्याचा आहे, पण तो कोणत्या जखमेतून आला हेही कथेत आहे. राजा त्याकडे पाहत नाही.

हीच गोष्ट पंचतंत्रात, ‘अपरीक्षितकारक’ या पाचव्या तंत्रात, वेगळ्या रूपात येते. तेथे तिघे विद्वान आहेत आणि चौथ्याला विद्या नाही पण व्यवहारज्ञान आहे. तो त्यांना सावध करतो, ते ऐकत नाहीत, तो झाडावर चढतो आणि वाचतो. तेथे बोध सरळ आहे : विद्येपेक्षा बुद्धी श्रेष्ठ. वाचकाने कोणाच्या बाजूला उभे राहायचे हे ठरलेले असते. वेताळाच्या रूपात झाडावर चढणारा कोणी नाही. सावध करणारा आवाज कथेतून काढून टाकला आहे, आणि तो आवाज होण्याचे काम वाचकाकडे आले आहे. पंचतंत्र उत्तर देते, वेताळ प्रश्न देतो. दोन्हींची चित्रेही म्हणून वेगळी हवीत. पंचतंत्राच्या चित्रात झाडावरचा माणूस आवश्यक आहे. वेताळाच्या चित्रात ती फांदी रिकामीच राहिली पाहिजे.

शेवटी सिंहाचे. राजाने दोष एकाला दिला, पण सिंहाने मारले चौघांना. दोष व्यक्तीचा असतो आणि परिणाम सर्वांना भोगावा लागतो, हे सत्य गोष्ट कोणतेही भाष्य न करता आपल्यापुढे ठेवते. न्याय राजा करतो, पण तो करतो तेव्हा ज्यांच्याविषयी करायचा ते कोणीच उरलेले नसतात.

८. सारांश

ही कथा पाच-सहा पानांत संपते, म्हणून ती हलकी ठरत नाही. तिचा आनंद तीन गोष्टींतून येतो. अशक्य जगातले कडक नियम, वाचकाला आधी कळल्यामुळे येणारी हुरहुर, आणि उत्तर मिळूनही न मिटणारा प्रश्न. चित्रे या आनंदात भर घालतात आणि त्याच वेळी निकालात भाग घेतात. सिंह कोणत्या चित्रात ओळखू आला, यावर कोण जाणत होता हे ठरते, आणि कोण जाणत होता यावर दोष. म्हणून या सुट्टीत हाती येईल ती सचित्र वेताळकथा घ्या, आधी नुसती मजेत वाचा, आणि मग मजकूर झाकून फक्त चित्रांवरून राजाचे उत्तर द्यायचा प्रयत्न करा.

९. विचारासाठी प्रश्न

१) तुमच्याकडील सचित्र आवृत्तीत प्राणी सिंह म्हणून प्रथम कोणत्या चित्रात ओळखू येतो? त्या चित्राच्या आधारे दोष कोणाचा ठरतो?

२) ‘न कळणे’ आणि ‘कळून न घेणे’ यांतील फरक पहिल्या भावाच्या संदर्भात स्पष्ट करा.

३) वेताळकथा आणि पंचतंत्र यांतील दोन रूपांपैकी कोणत्या रूपाला चित्रांची गरज अधिक आहे? कारणे द्या.

४) तुमच्या अभ्यासविषयातील असे एक काम सांगा ज्यात अनेकांचे श्रम असतात, पण ‘प्राण घालणारा’ एकच असतो. त्याच्या हाताशी थांबण्याची कोणती सोय ठेवलेली असते? ती सोय पुरेशी आहे का?